माळा राहू द्या, आधी उंबरठा पाहू

*ताई, माझं वय ४४. पतपेढीत नोकरी करते. डोंबिवलीत टू बीएचके फ्लॅट, माणसं चार: मी, नवरा, दहावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. गेल्या वर्षी आई गेली. कराडचं तिचं घर भावानं आणि मी मिळून रिकामं केलं. अकरा दिवस लागले. लेबलसुद्धा न काढलेले टॉवेल, खोक्यातच राहिलेले कपबशांचे दोन सेट, एकात एक घातलेले श्रीखंडाचे डबे. डबे मोजले, ६३ भरले. परत आले आणि स्वतःचं घर बघून छाती दडपली. तेव्हापासून ठरवलंय, कमी वस्तूंत, साधं राहायचं. पण साथ कुणाचीच नाही. नवरा म्हणतो, "संन्यास घेतेस का?" मोठी परात कामवाल्या मावशींना दिली, तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण दिलं नाही, तर बिल्डिंगमध्ये चिकट ठरले. आणि खरं सांगू? रात्री अकराला मोबाइलवर सेल बघत मीच काहीबाही मागवते. सगळा रविवार आवरण्यात जातो. कुणीतरी चार धीराचे शब्द सांगा. की माझंच चुकतंय?*

*– एक वाचक, डोंबिवली*

सप्रेम नमस्कार.

धीराचं मागून बोलू. आधी परातीचं बोलते, कारण पत्रात तिला तुम्ही एकच ओळ दिलीत आणि माझं मन तिथेच अडकलं.

मीही हे केलंय. पस्तिशीत होते, घर 'सुटसुटीत' करायचं भूत अंगात शिरलं होतं. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. ती संधी साधून मी फडताळातली पितळी भांडी काढली आणि भंगारवाल्याच्या काट्यावर घातली. त्यात एक सोऱ्या होता. जड, काळवंडलेला, दट्ट्याची मूठ झिजून गुळगुळीत झालेली. नवीन हलका सोऱ्या मी आणलाच होता, मग दोन कशाला? दिवाळी आली. सासूबाईंनी चकलीची भाजणी मळली आणि विचारलं, "माझा सोऱ्या कुठंय गं?" मी सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. नवीन सोऱ्यात पीठ भरलं, दाबायला लागल्या, तर पीठ खालून यायच्या ऐवजी दट्ट्याच्या कडेनं वर यायला लागलं. त्यांनी ते बोटानं निपटून परत आत घातलं, पुन्हा दाबलं. असं तासभर चाललं होतं. मी कढईपाशी उभी.

त्या सोऱ्यावर त्यांचं माहेरचं नाव कोरलेलं होतं, हे मला पुढं कधीतरी नवऱ्याकडून कळलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, तुम्हाला माहीतच आहे. दुकानदार ते टकटक करणारं यंत्र घेऊन बसतो आणि विचारतो, "काय घालायचं?" लग्नात मुलीबरोबर जी भांडी जातात, त्यांच्यावर शेवटचं एकदा तिचं जुनं नाव पडतं. पुढं नाव बदलतं, आडनाव बदलतं, रेशनकार्ड बदलतं. भांडं तेवढं जुनं नाव सांगत राहतं. मी ते किलोच्या भावानं विकलं होतं.

तेव्हा परात पालथी घालून बघितली होतीत का तुम्ही? नसेल, तर सासूबाईंना विचारा कुठली होती ती. ऐकून घ्यायचं फक्त, लगेच माफीबिफी मागू नका.

थोडं विषयांतर होईल, पण साधं राहायचं म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सेवाग्राम येतं, म्हणून सांगते. वर्ध्याजवळच्या त्या गावात गांधीजी १९३६ साली राहायला आले. झोपडी आसपास मिळणाऱ्या सामानातून बांधायची आणि खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. आजही बापूकुटीत गेलं, की चटई, बुटकं मेज आणि मातीच्या भिंती बघून सगळे गप्प होतात. मीही झाले. पण त्याच आवारात 'बा कुटी' आहे. सगळ्यांच्या गर्दीत कस्तुरबांची होणारी अडचण बघून जमनालाल बजाज यांनी ती वेगळी बांधून दिली. लोक तिथं फार थांबत नाहीत, मी मात्र थांबले. कारण मला १९०१ सालची गोष्ट आठवत होती. गांधी कुटुंब दक्षिण आफ्रिका सोडून भारतात यायला निघालं होतं. निरोपाला लोकांनी सोनं, चांदी, हिरे दिले. त्यात कस्तुरबांसाठी ५० गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सकाळपर्यंत त्यांचं ठरलं, की हे सगळं लोकांच्या कामासाठी विश्वस्तांकडे सोपवायचं. मग त्यांनी काय केलं, तर आधी मुलांना राजी केलं आणि नंतर बायकोकडे गेले. बा रडल्या, भांडल्या. सुनांसाठी काही ठेवायचं की नाही, मुलांना आत्तापासून साधू करणार का, असं त्यांनी विचारलं. आणि तुमच्या सेवेबद्दल हार मिळाला म्हणता, तर मी रात्रंदिवस तुमच्यासाठी राबले ती सेवा नव्हे का, हेही. शेवटी कसाबसा होकार काढून घेतला, असं गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवलंय.

दागिने परत केले हे योग्यच झालं, यात मला शंका नाही. तरी ही गोष्ट आठवली, की माझं माप दर वेळी बांच्या बाजूला झुकतं. साधेपणाचा निर्णय एकानं घ्यायचा आणि हार दुसरीच्या गळ्यातला काढायचा! तुमच्या घरात या घडीला गांधी तुम्ही आहात आणि बा म्हणजे तुमच्या सासूबाई. एवढं ध्यानात ठेवलंत तरी निम्मी भांडणं मिटतील.

सासूबाई मूळच्या कुठल्या, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण आज ७४ म्हणजे १९७२ च्या दुष्काळात त्या विशीत असणार. तेव्हा महाराष्ट्रात बायका दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात होत्या, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळत होती, तिची भाकरी धड थापता यायची नाही. त्यानंतरही किती वर्षं गॅससाठी नंबर लावायचा, स्कूटरसाठी नंबर लावायचा, फोनसाठी तर मुलगा बारशातून शाळेत जाईपर्यंत वाट बघायची. त्या पिढीनं "असू दे, लागेल कधीतरी" म्हटलं आणि ती वस्तू खरोखरच लागली. त्यांचं साठवणं हा हिशेब होता आणि तो बरोबर होता. आता दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते, म्हणून तो चुकीचा दिसतो. शिवाय आपण तरी काय मोठे शहाणे? बोहारीण आठवते ना? जुन्या साड्या, शर्ट, पँटी घेऊन तिच्यापुढे बसायचं, अर्धा तास घासाघीस करायची, "तीन साड्या दिल्या, वर झाकण तरी द्या!" कपाट रिकामं झालं म्हणून खूश व्हायचं आणि स्टीलचं पातेलं घेऊन घरात यायचं. कपाटातली अडगळ मांडणीवर गेली, इतकंच.

म्हणून माझं सांगणं असं, की माळा सध्या राहू द्या. सासूबाईंचं फडताळ, नवऱ्याचा तो वायरी-चार्जरांचा खण (प्रत्येक घरात असतो, तुमच्याकडेही असणार), मुलीचं टेबल, यातल्या कशालाही हात लावू नका. आधी उंबरठा बघा. घरातून काय जातं यापेक्षा घरात काय येतं, ते बघा. बाहेर काढायला चौघांची संमती लागते, आत न आणायला तुमची एकटीची पुरते.

मोबाइलवरच्या सेलचं आधी. त्यावर मला एक जुनाच उपाय ठाऊक आहे. भिंतीवर कालनिर्णय असेलच. दूधवाला आला नाही, की त्या तारखेच्या चौकोनात आपण खाडा मांडतो. तसंच रात्री अकराला जे मागवावंसं वाटेल, ते पेन्सिलनं आजच्या चौकोनात लिहायचं. 'निळी कुर्ती'. 'भाजी चिरायचं ते यंत्र'. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला तेच हवंसं वाटलं, तर खुशाल घ्या. मी हे दोन वर्षं करतेय. बहुतेक वेळा माझंच अक्षर वाचून मला हसू येतं. आणि मोबाइलमध्ये साठवून ठेवलेला कार्डाचा नंबर तेवढा काढून टाका. उठून पर्स आणायची म्हटली, की निम्मी हौस अंथरुणातच विरते.

हळदीकुंकवाचं मात्र तुमचं चुकलं, स्पष्ट सांगते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींकडे जातात ते काही प्लॅस्टिकच्या डब्यासाठी नाही. पण आलेल्या बाईला रिकाम्या हातानं पाठवायचं, हे आपल्याकडे बसत नाही, तिला ते लागणारच. तुम्ही वाण बंद केलंत. बंद कशाला? संपणारं वाण द्या. पाव किलो गुळाची ढेप, कापराची डबी, उदबत्तीचा पुडा, घरच्या मेतकुटाची पुडी, कढीपत्त्याचं रोप. महिन्याभरात वापरून संपेल किंवा कुंडीत वाढत राहील, अशी कुठलीही वस्तू. गाळणी, चमचे आणि 'मायक्रोवेव्हमध्ये चालतो बरं का' म्हणत दिलेले डबे प्रत्येकीकडे उतू चाललेत, पण बोलून कोण दाखवणार? तुम्ही मेतकूट दिलंत, तर पुढच्या वर्षी आणखी दोघीजणी लाडवाचं बेसन नाहीतर भाजणी देतील, बघा. ब्लाऊजपीसचं तर बोलायलाच नको. माझ्याकडे एक हिरवा खण ओटीतून आला, तो मी कुणाच्या तरी ओटीत घातला, आणि चार वर्षांनी तो त्याच घडीवर मला परत मिळाला. टाचणीसुद्धा तीच. त्याचं ब्लाऊज कुणी शिवणार नाही, हे त्या बिचाऱ्यालाही कळलं असेल.

आणि ती परात मावशींना दिलीत, तेवढ्यावरून एक राग काढून घेते. "कामवालीला देऊन टाकलं" हे वाक्य मला बोचतं. तिची खोली बहुतेक दहा बाय दहाची. तिला नको असलं, तरी तोंडावर 'नको' म्हणता येत नाही. आपली अडगळ तिच्या डोक्यावर ठेवून आपण मिनिमलिस्ट व्हायचं, हे काही खरं नाही. आधी विचारा, "उपयोग आहे का? नसला तर स्पष्ट सांगा." चांगले कपडे असतील, तर 'गूंज'सारख्या संस्था १९९९ पासून हे काम करताहेत. पण तिथंही धुऊन, घडी घालून, अजून वापरता येईल असंच द्यायचं.

आता धीराचं.

तुम्ही घरात जाहीर केलंत, की मला साधं राहायचंय. हे झालं तुमचं मत. मत म्हटलं, की चार लोक त्याला फाटे फोडणारच, नवऱ्याला तर तो हक्कच वाटतो. पण आपल्याकडे मतापेक्षा भारी एक चीज आहे, नेम. आषाढी ते कार्तिकी, चातुर्मासाचे चार महिने. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी जेवताना बोलत नाही. वांगं सोडलेल्या बाईला 'का सोडलंस, वैज्ञानिक कारण सांग' असं कुणी विचारतं का? उलट लग्नाच्या पंगतीत पाचवी बाई आठवणीनं ओरडते, "अगं तिला वांगं वाढू नका, तिचा नेम आहे!" तुम्ही जी साथ शोधताय ना, ती ही. सगळं गाव राखणीला बसतं. आणि नेमाला शेवट असतो, उद्यापन असतं, म्हणून घरच्यांना भीती वाटत नाही, की ही आता कायमचीच हातातून गेली. त्यात माणसाच्या हावरेपणालाही जागा ठेवलेली आहे. चातुर्मास लागायच्या आधी कांदेनवमीला कांदाभजी हाणून घ्यायची, हे आपल्या पूर्वजांनीच ठरवून दिलंय.

तेव्हा 'मी मिनिमलिस्ट होणार' हे एकदम बंद. "चार महिने घरात नवीन कापड आणि नवीन भांडं आणायचं नाही, असा मी नेम धरलाय," एवढंच म्हणायचं. आणि हे नवऱ्याला नव्हे, आधी सासूबाईंना सांगा. बाईंना मिनिमलिझम कळणार नाही, नेम कळेल. तुम्ही डगमगलात, तर पहिल्यांदा त्याच हटकतील. आषाढीची वाट बघत बसायला नको, येत्या संकष्टीला धरला तरी चालतो. मात्र नेम तुमचा, तुमच्या पैशांचा आणि तुमच्या कपाटाचा. मुलीला दहावीच्या वर्षात यात ओढू नका. तिला मैत्रिणींसारखी बॅग हवी असेल, तर घेऊन द्या. नवऱ्याच्या संन्यासाच्या विनोदावर हसा. चार महिन्यांनी रविवार दुपारी तुम्ही मोकळ्या दिसलात, म्हणजे चहा करून समोर बसलात, की तो विनोद आपोआप शिळा होईल.

नेमावरून वारीतली एक बाई आठवली. काही वर्षांपूर्वी माउलींच्या पालखीबरोबर मी पुणे ते सासवड चालले, एकच टप्पा, दिवेघाट. माझ्या पाठीवर सॅक, तिच्यात छत्री, रेनकोट, दोन पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, पॉवर बँक आणि वाचायला पुस्तक. घाटात वाचणार होते बहुतेक! शेजारून परभणीकडची एक बाई चालली होती, आळंदीहून पंढरपूरला. खांद्याला एक पिशवी, दिंडीच्या ट्रकमध्ये एक वळकटी. दोन लुगडी आणि एक तांब्या, असं म्हणाली. मी कौतुकानं म्हटलं, "एवढ्यात भागतं?" तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, "घरी हाय की समदं. हितं वझं कुणी व्हायचं?" तिनं काही सोडलं नव्हतं. घरी कणग्या असतील, गोधड्यांची चवड असेल, तिच्याही मांडणीवर नावं घातलेली भांडी असतील. फक्त चालायचे जे दिवस होते, त्यांपुरता तिचा हिशेब वेगळा होता. मला पोस्टर लावण्यासारख्या पांढऱ्या भिंती, रिकामं टेबल आणि एकच कुंडी, असल्या फोटोंपेक्षा ही बाई जास्त पटते. त्या फोटोतलं घर तसं दिसायलाही आधी सगळ्या बरण्या एकसारख्या विकत आणाव्या लागतात.

शेवटचं जरा जपून लिहिते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. डोंबिवलीच्या घरातल्या एकाही वस्तूचं वर्णन त्यात नाही. वर्णन सगळं कराडच्या घराचं. टॉवेलांची लेबलं, खोक्यातले कप, ६३ डबे, अकरा दिवस. मला वाटतं, ते घर तुम्ही अजून आवरताय. आईनं ते कप कुणासाठी ठेवले होते? पाहुण्यांसाठी, चांगल्या कार्यासाठी, तुम्ही दिवाळीला याल तेव्हासाठी. आणि ती रोज कान तुटलेल्या कपातून चहा प्यायली असेल. तुमची छाती दडपली ती बहुधा यानं. डबे किती होते, त्यानं नव्हे.

तिच्या साड्या आणल्या असाल, तर त्यांचं काय करायचं हे आत्ता ठरवू नका. वर्ष झालं म्हणजे झालं, असं नसतं. त्यातली एखादी मऊसूत सुती साडी मात्र सासूबाईंपुढे ठेवा आणि विचारा, गोधडी शिवायला शिकवाल का. थर कसे लावायचे, धावदोरा कुठून सुरू करायचा, हे त्यांना नक्की येत असेल, आणि परातीनंतर तुम्ही पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागायला गेलेल्या असाल. कपबशांचा एक सेट भावाकडून मागून घ्या, त्यानं तो अजून दिला नसेल तर. नेमाच्या आधी, म्हणजे नेमही मोडणार नाही. खोकं उघडायचं, लेबल काढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातच चहा. फुटला एखादा, तर फुटला.

हो, सोऱ्याचं राहिलं. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी तसाच पितळी सोऱ्या दिसला. मी कालनिर्णयात वगैरे काही लिहिलं नाही, मागितले तेवढे पैसे दिले आणि घेऊन आले. त्याच्यावर नाव दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, खाली तारीख, निम्मी घासून गेलेली. पीठ कडेनं वर येत नाही. चकलीला काटा मात्र असा येतो, की बघत राहावं.

तुमची,
ताई